दहा नंबर

सोहारला शुक्रवारी चार वाजता
ऊन गोलपोस्टच्या पाइपला टेकून उभं असतं.
पाइप माझ्याच स्टोअरचे.
रजिस्टरात माझ्याच अक्षरात: भंगार, सहा नग.

सात सामने, सात पराभव.
मलप्पुरमवाल्यांनी चार घातले, नेपाळी पोरांनी तीन,
आणि परवा केटरिंगच्या टीमनंसुद्धा दोन,
ज्यांचा गोलकीपर अर्धा वेळ
फोनवर कांद्याचा हिशेब सांगत होता.

दहा नंबरची जर्सी आमच्याकडं एकच.
दिलावर मुजावर, क्रेन ऑपरेटर, वय एकोणचाळीस,
एकेकाळी तालमीकडनं खेळलेला.
चेंडू यायच्या आधी त्याला दिसतं कुठं द्यायचा,
पण गुडघा म्हणतो, थांब, मी येतो मागनं.
आणि शिवतेज साळोखे, मचाण बांधणारा, बावीसचा.
पळतो असा की चेंडूच मागं राहतो.

"बसव की त्या म्हाताऱ्याला!"
ओरडतो कॅन्टीनचा हिंदुराव,
प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहून.
पुढच्या शुक्रवारी तोच, त्याच खुर्चीवर,
"ह्या वासराला कुणी सोडलं मैदानात? दिलावर कुठाय?"
फोरमन गुरव शिट्टी वाजवतो, जी पंचाची नाही.
सुतारखात्यातल्या दोघांनी तर
शिव्या वाटून घेतल्यात,
पहिला हाफ तुझा, दुसरा माझा.

पगार तीन महिने थकलाय.
ऑफिसची काच जाड आहे, एसी मोठा आहे,
साहेब कायम मस्कतला.
दहा नंबर मात्र दहा पावलांवर असतो
आणि त्याला ऐकू जातं.

संघ लिहायचं काम माझ्याकडं.
डिलिव्हरी नोटच्या पाठीवर दहा नावं भरतो,
एक ओळ कोरी ठेवतो,
पेनचं टोपण चावतो.

बुधवारी रात्री दिलावर स्टोअरला आला.
"नी-पॅड हाय काय रं एखादं?"
ते वेल्डरना असतं, खेळणाऱ्यांना नाही.
मी लिहिलं: वेल्डर, गुडघा, एक जोड.
त्यानं सही केली, जर्सीबद्दल बोलला नाही.
त्याच्या पाठोपाठ शिवतेज. हातमोजे बदलायला म्हणे.
मोजे चांगले होते.
"चेंडू यायच्या आधी कुठं बघायचं असतं, दादा?"
मला विचारतोस? जा, त्याला विचार.
"तो बोलत न्हाई माझ्याशी."

दोन वाजता पाणी आलं म्हणून बादली घेऊन उठलो
तर नळाजवळ दोघं उकिडवे.
दिलावरनं साबणाचे तुकडे मांडलेले ओल्या सिमेंटवर.
"ही बादली म्हंजे त्यांचा बिजू. आडवाच येणार.
तू बादलीकडं बघूच नकोस.
बादलीच्या मागं काय हाय ते बघ."
मी तसाच मागं फिरलो, कोरडी बादली घेऊन.

सकाळी कागद काढला.
दहा नंबर शिवतेज. पाच नंबर दिलावर, मागं,
जिथं पळावं कमी लागतं आणि दिसतं जास्त.
पाच नंबर माझ्या मेव्हण्याचा होता.
तो अजून माझ्याशी बोलत नाही,
बायकोचा फोन मात्र आला.

हरलोच. दोन-एक.
पण तो एक!
दिलावरनं मागनं उचललेला चेंडू
बादलीच्या मागं जाऊन पडला,
शिवतेज तिथं आधीच होता, मारला,
आणि लागला आमच्याच सर्जेरावच्या पाठीला,
जो चप्पल शोधत वाकला होता.
गोल.

एरवी परतीच्या बसमध्ये
फक्त टायरचा आवाज असतो.
आज हिंदुराव सीटवर उभा:
"गोल दिलावरचा!"
"पोरानं मारला!"
"अरं, पाठ कुणाची?"
ड्रायव्हर, पेशावरचा गुलजमान,
आरशातनं बघत विचारतो, जीत गए क्या?

कुणी उत्तर देत नाही.
सगळे माझ्याकडं वळलेत.
पुढच्या शुक्रवारी दहा नंबर कोण,
आत्ता सांग.